हीथ्रोवर विमान बदलताना: मुंबई–लंडन–अमेरिका प्रवासाची पायरी-पायरीने तयारी

मुलगी न्यू जर्सीला, मुलगा डॅलसला आणि आई-बाबा पहिल्यांदाच निघालेले. अशा घरात अमेरिकेचा व्हिसा हातात पडला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मधे लंडनला उतरून दुसरं विमान आम्हाला सापडेल का? सापडतं. हीथ्रोवर रोज हजारो माणसं विमान बदलतात आणि त्यांतल्या अनेकांना इंग्रजी जेमतेमच येतं. ज्यांचा गोंधळ उडतो, त्यांच्या गोंधळाचं मूळ बहुतेक वेळा काही महिने आधी काढलेल्या तिकिटात असतं. म्हणून सुरुवात तिकिटापासूनच करू.

तिकीट काढताना

दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर हवीत. यासाठी चार-पाच हजार रुपये जास्त पडले तरी ते द्यावेत असं मी ठामपणे सांगेन. एकच पीएनआर असला की मुंबईत टाकलेली बॅग लंडनला तुम्हाला उचलावी लागत नाही. पहिलं विमान उशिरा पोहोचलं आणि दुसरं सुटलं, तर पुढच्या विमानात बसवून देण्याची जबाबदारी विमान कंपनीची असते. दोन वेगळी तिकिटं जोडून केलेल्या प्रवासात यातलं काहीच मिळत नाही. दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही वेळेवर न आलेले प्रवासी असता, आणि तिकिटाचे पैसे बहुधा बुडतात.

तिकिटांच्या काही वेबसाइटवर स्वस्त पर्यायाखाली बारीक अक्षरात ‘सेल्फ ट्रान्सफर’ असं लिहिलेलं असतं. भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्याने अशा तिकिटाच्या वाटेला जाऊ नये. त्यात लंडनला बॅग पट्ट्यावरून उचलून पुन्हा चेक-इन करायची असते. पट्टा इमिग्रेशनच्या पलीकडे असतो. म्हणजे ब्रिटनची सीमा ओलांडावी लागते आणि व्हिसाचा सगळा हिशेब बदलतो.

दुसरी गोष्ट टर्मिनलची. हीथ्रोवर आज २, ३, ४ आणि ५ अशी चार टर्मिनल आहेत. टर्मिनल १ २०१५ साली बंद झालं, त्यामुळे ते शोधत बसू नका. ब्रिटिश एअरवेजचा मुख्य मुक्काम टर्मिनल ५ वर आहे, पण त्यांची काही विमानं ३ वरूनही सुटतात. व्हर्जिन अटलांटिक आणि डेल्टा ३ वर, युनायटेड आणि एअर कॅनडा २ वर, अमेरिकन एअरलाइन्सची बरीच विमानं ३ वर. इथे एक खाच आहे. तिकीट ब्रिटिश एअरवेजचं, विमानाचा क्रमांकही त्यांचाच, पण प्रत्यक्ष विमान अमेरिकन एअरलाइन्सचं, असं भागीदारीत सर्रास होतं. मग तुम्ही ५ वर उतरता आणि पुढचं विमान ३ वरून सुटतं. तिकिटावर ‘ऑपरेटेड बाय’ या शब्दांपुढे कोणाचं नाव आहे ते वाचा, आणि दोन्ही विमानांच्या पुढे छापलेला टर्मिनलचा आकडा बघा. आकडे सारखे असतील असं तिकीट मिळालं तर अर्धी चिंता तिथेच मिटली.

आता मधल्या वेळेबद्दल. प्रत्येक विमानतळावर विमान बदलायला किमान किती वेळ हवा, याचा आकडा ठरलेला असतो आणि बुकिंगची यंत्रणा त्याहून कमी वेळाचं तिकीट विकत नाही. त्यामुळे दीड तासाचं कनेक्शन स्क्रीनवर अगदी रीतसर दिसतं. सगळं वेळेवर झालं तर पुरेल, इतकाच त्याचा अर्थ. हीथ्रोवर सगळं वेळेवर होणं अवघड असतं, कारण तिथे धावपट्ट्या फक्त दोन आहेत आणि वर्षाला ४ लाख ८० हजार उड्डाणांची मर्यादा जवळपास पूर्ण वापरली जाते. मुंबईहून आलेलं विमान वेळेआधी लंडनवर पोहोचलं तरी बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ओकहॅम, बिगिन हिल या चारपैकी एखाद्या ठिकाणी आकाशात घिरट्या घालत थांबतं. उतरल्यावर उभं राहायला जागा रिकामी नसेल तर आणखी दहा मिनिटं जातात. मग दार उघडतं, आणि तुम्ही मागच्या रांगेत असाल तर बाहेर पडेपर्यंत आणखी पंधरा.

हे सगळं धरून माझा हिशेब असा आहे: टर्मिनल एकच असेल तर दोन ते अडीच तास, टर्मिनल बदलायचं असेल तर तीन तास. पहिल्यांदा जाणारे ज्येष्ठ असतील तर तीन ते चार तास. पाच-सहा तासांच्या वर मात्र नको. नऊ-साडेनऊ तासांच्या प्रवासानंतर खुर्चीत बसून काढलेला तेवढा वेळ पाठीला आणि पायांना फार जड जातो.

आणखी एक गोष्ट फार थोडे लोक तपासतात: तुमच्या विमानानंतर त्याच दिवशी त्याच शहराला दुसरं विमान आहे का? न्यूयॉर्कला दिवसभरात अनेक असतात, छोट्या शहराला एकच असू शकतं. हीथ्रोवर रात्री साडेअकरा ते पहाटे सहा या वेळेत उड्डाणांवर कडक मर्यादा आहे. संध्याकाळचं शेवटचं विमान हुकलं तर रात्र लंडनलाच काढावी लागते. म्हणून लंडनला सकाळी किंवा दुपारच्या आत पोहोचवणारं विमान घ्यावं.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात हे सर्वांना माहीत असतं, तरी हिशेब चुकतो, कारण लंडनचं घड्याळ वर्षातून दोनदा हलतं. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं आणि एरवी साडेपाच तास. अमेरिकेचं घड्याळ बदलण्याची तारीख पुन्हा वेगळी. घरच्यांना फोन कधी येईल, हे ठरवताना याची आठवण ठेवा.

ट्रान्झिट व्हिसा लागतो का?

नियम असा. विमानतळाच्या आतच राहून, इमिग्रेशन न ओलांडता विमान बदलायचं असलं तरी भारतीय पासपोर्टधारकाला ब्रिटनचा ‘डायरेक्ट एअरसाइड ट्रान्झिट व्हिसा’ लागतो. मात्र यात सूट आहे. तुमच्याकडे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा वैध व्हिसा असेल किंवा अमेरिकेचं ग्रीन कार्ड असेल, तर तो वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. आपल्याकडच्या बहुतेक आई-वडिलांकडे दहा वर्षांचा बी-वन बी-टू, म्हणजे पाहुण्यांचा, व्हिसा असतो, त्यामुळे जाताना आणि येताना दोन्ही वेळा ते या सवलतीत बसतात.

अडचण येते ती अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मुलांना. एच-वन-बी या नोकरीच्या परवानगीची मुदत वाढून मिळालेली असते, आय-७९७ हा मंजुरीचा कागद हातात असतो, पण पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला असतो. नवा शिक्का भारतात जाऊन घ्यायचा असतो. अमेरिकेत राहायला तो कागद पुरतो, पण ब्रिटनच्या सवलतीच्या यादीत तो नाही. अशा वेळी येताना हीथ्रोमार्गे यायचं तर ट्रान्झिट व्हिसा आधी काढावा लागतो, नाहीतर अमेरिकेच्या विमानतळावर काउंटरवरच अडवतात. म्हणून या स्थितीतले बरेच जण दुबई, दोहा किंवा अबू धाबीमार्गे तिकीट काढतात, आणि ते शहाणपणाचं आहे.

ज्यांचा अमेरिकेचा व्हिसा जुन्या, मुदत संपलेल्या पासपोर्टवर आहे त्यांनी दोन्ही पासपोर्ट एकत्र, रबर लावून, हातातल्या पिशवीत ठेवावेत. जुना पासपोर्ट मोठ्या बॅगेत टाकला तर मुंबईतच प्रवास थांबेल. घरात कोणाकडे अमेरिकी पासपोर्ट असेल तर त्यांच्यासाठी नियम वेगळा: आतल्या आत विमान बदलताना काही लागत नाही, पण लंडन बघायला बाहेर पडायचं असेल तर ‘ईटीए’ ही ऑनलाइन परवानगी लागते.

हे नियम बदलतात. तिकिटाचे पैसे भरण्याआधी ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळावर ‘व्हिसा लागतो का’ ही छोटी प्रश्नावली भरून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या माहितीवर हा निर्णय सोडू नका.

व्हीलचेअरचा संकोच सोडा

“मी चांगला चालतो, मला कशाला व्हीलचेअर?” हे वाक्य बहुतेक घरांत ऐकू येतं. हीथ्रोवरचं चालणं वेगळं आहे. टर्मिनल २ च्या लांबच्या गेटपर्यंत सरकते पट्टे धरूनही पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि तेही रात्रभर अवघडून बसल्यानंतर. गुडघे दुखत असतील, दम लागत असेल किंवा एकटीने प्रवास करणाऱ्या आईला गर्दीत घाबरल्यासारखं होत असेल, तर मदत मागणं हा तिचा हक्क आहे. ही सेवा मोफत असते.

ती मागायची कशी? तिकीट काढतानाच, किंवा निघण्याच्या किमान ४८ तास आधी विमान कंपनीला कळवा. पायऱ्या चढता येतात पण लांब चालता येत नाही, अशा प्रवाशासाठी ‘डब्ल्यूसीएचआर’ हा संकेत असतो. बुकिंगमध्ये दोन्ही विमानांपुढे तो लागला आहे ना, ते फोन करून विचारा. पुष्कळदा पहिल्याच विमानापुढे लागतो आणि दुसरं तसंच राहतं. भागीदार कंपनीचं विमान असेल तर त्या कंपनीलाही वेगळा फोन करा.

लंडनला पोहोचल्यावर व्हीलचेअरच्या प्रवाशांनी सगळे उतरेपर्यंत जागेवर बसून राहायचं असतं. दाराशी मदतनीस येतो. कधी खुर्ची, कधी बॅटरीवरची गाडी, कधी दोन्ही. मधे एखाद्या कक्षात बसवून ठेवतात आणि नंतर पुढचा माणूस न्यायला येतो. अर्धा तास कोणीच आलं नाही तर गप्प बसू नका, बोर्डिंग पास पुढे करून वेळ दाखवा. हीथ्रोच्या आसपास साउथॉल आणि हौन्स्लो या भागांत भारतीय वंशाची मोठी वस्ती आहे आणि तिथली पुष्कळ माणसं विमानतळावर काम करतात. हिंदीत विचारलं तर हिंदीत उत्तर मिळण्याची शक्यता चांगली असते. भाषेची भीती बाळगणाऱ्या आईला हे आधी सांगून ठेवा. तिला धीर येतो.

बॅगेत काय, हातात काय

सगळी औषधं मूळ पाकिटांत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत, आणि तीही तीन-चार दिवस जास्तीची. पुढचं विमान हुकलं तर मोठी बॅग हाताशी नसते. एक जोडी कपडे, गरम स्वेटर किंवा शाल, चष्मा आणि चार्जरही हातातच. ब्रिटनमधलं प्लग तीन चौकोनी पिनांचं असतं, त्यामुळे आपला चार्जर तिथे लागत नाही. छोटा ॲडॉप्टर घेऊन ठेवा.

खाऊच्या बाबतीत तीन नियम लक्षात ठेवा. लोणचं, तूप, गुळांबा, ओली चटणी हे सुरक्षा तपासणीत द्रवपदार्थात मोडतं. काही विमानतळांवर नवी यंत्रं आली आहेत आणि मर्यादा सैल झाली आहे, पण प्रवास मुंबईहून सुरू होतो, म्हणून १०० मिलिलिटरचाच हिशेब धरा आणि बरण्या मोठ्या बॅगेत टाका. मेतकूट, भाजणी, मसाला, सत्त्वाचं पीठ यांचं काय? अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हातातल्या सामानात ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त भुकटी असेल तर वेगळी तपासणी होते आणि ती काढूनही घेतली जाऊ शकते. तीही मोठ्या बॅगेतच. आणि सुकं खोबरं मात्र मोठ्या बॅगेतही मुळीच चालत नाही. ते तेलकट, ज्वलनशील म्हणून भारतातच काढून घेतात.

मुंबईच्या ड्यूटी-फ्रीमधून काही घेतलं तर ते सीलबंद पारदर्शक पिशवीत पावतीसह मिळतं. ती पिशवी शेवटच्या मुक्कामापर्यंत फोडू नका, कारण लंडनला पुन्हा तपासणी आहे.

मुंबईच्या काउंटरवर

इथे घाई करू नका. मागे रांग असली तरी तीन गोष्टी बघूनच बाजूला व्हा. एक, दोन्ही विमानांचे बोर्डिंग पास मिळाले का? दुसऱ्याचा मिळाला नसेल तर तो कुठे मिळेल, ते विचारून घ्या. दोन, बॅगेच्या टॅगवर शेवटच्या शहराचा तीन अक्षरी संकेत आहे का? नेवार्कला जायचं असेल तर ‘ईडब्ल्यूआर’, शिकागोला ‘ओआरडी’. टॅगवर नुसतं हीथ्रोचं ‘एलएचआर’ असेल तर लगेच थांबवा. तीन, टॅगच्या पावत्या जितक्या बॅगा तितक्या आहेत का? त्यांचा मोबाइलवर फोटो काढून मुलांना पाठवा. बॅगेचाही एक फोटो काढून ठेवा. पुढे कधी बॅग हरवली, तर ‘काळी, मोठी’ या वर्णनाने ती सापडत नाही.

पहिल्या विमानात पुढच्या बाजूची जागा मिळाली तर घ्या. मागच्या आणि पुढच्या रांगेत उतरताना पंधरा मिनिटांचा फरक पडतो, आणि कमी वेळाच्या कनेक्शनमध्ये तीच पंधरा मिनिटं कामी येतात.

घरच्यांनी एका कागदावर मोठ्या अक्षरांत इतकं लिहून द्यावं: पुढच्या विमानाचा क्रमांक, वेळ, टर्मिनल, शेवटचं शहर आणि दोन फोन नंबर. मोबाइलची बॅटरी संपते, नेट लागत नाही. कागद कोणालाही दाखवता येतो.

लंडनला उतरल्यावर

इथे एकच शिस्त पाळायची: पुढच्या विमानाच्या टर्मिनलमधली सुरक्षा तपासणी पार होईपर्यंत कुठेही थांबायचं नाही. फोन नाही, चहा नाही, दुकान नाही. शौचालयाला जायचं तर विमान उतरायला लागण्याआधी तासभर, विमानातच जाऊन या. तपासणीच्या अलीकडे तुमच्या हातात किती वेळ आहे ते तुम्हाला कळत नाही, कारण पुढची रांग दिसत नाही. पलीकडे गेल्यावर कळतं, आणि मग निवांत चहा घेता येतो.

विमानाच्या दाराबाहेर पडल्यावर बहुतेक पाट्या पिवळ्या दिसतील. तुम्हाला हवी आहे ती जांभळी पाटी, ‘फ्लाइट कनेक्शन्स’ लिहिलेली. गर्दीतले बरेच लोक ‘अरायव्हल्स’ किंवा ‘पासपोर्ट कंट्रोल’कडे वळतील. त्यांच्या मागे जाऊ नका, ते लंडनला उतरणारे आहेत. चुकून इमिग्रेशनच्या रांगेत शिरलात तर तिथल्या कर्मचाऱ्याला बोर्डिंग पास दाखवा आणि मागे या. अधिकाऱ्यासमोर जाईपर्यंत काही बिघडत नाही.

जांभळ्या पाट्यांच्या वाटेवर टर्मिनलचे फाटे फुटतात.

पुढचं विमान त्याच टर्मिनलवरून असेल तर पाट्या थेट तपासणीकडे नेतात. टर्मिनल ५ तीन इमारतींत विभागलेलं आहे: ए, बी आणि सी. त्यांच्यामध्ये जमिनीखालून विनाचालक गाडी धावते. बी किंवा सी मध्ये उतरलात तर सहसा आधी या गाडीने ए मध्ये यावं लागतं. गाडी दर काही मिनिटांनी येते, त्यामुळे पहिली भरली तर धडपड करू नका.

पुढचं टर्मिनल वेगळं असेल तर त्या आकड्याची पाटी धरून बसथांब्यावर या. ही बस मोफत आहे आणि विमानतळाच्या आतल्या आतच धावते. थोड्या थोड्या वेळाने सुटते. इथे सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बसच्या दरवाजावरचा आकडा. टर्मिनल २, ३, ४, ५ साठी वेगवेगळे दरवाजे आणि रांगा असतात. आकडा वाचा, शिवाय तिथल्या माणसाला बोर्डिंग पास दाखवून “टर्मिनल थ्री?” एवढं विचारा. ५ वरून ३ ला पोहोचायला बसमध्ये दहा-पंधरा मिनिटं धरा आणि थांब्यावरची वाट वेगळी.

मग तपासणी. मुंबईत झाली होती तरी इथे पुन्हा होते, आणि ती टळत नाही. पाण्याची बाटली रिकामी करा, पलीकडे मोफत भरून मिळते. बेल्ट, नाणी, मोबाइल आधीच पिशवीत टाकून ठेवा. लॅपटॉप बाहेर काढायचा का, हे मार्गिकेनुसार बदलतं, म्हणून समोरच्या माणसाची सूचना ऐका. ट्रे बाजूला वळला तर घाबरायचं कारण नाही. मंगळसूत्र, बांगड्या, देवाची छोटी मूर्ती, स्टीलचा डबा यांमुळे पुन्हा बघावंसं वाटणं नेहमीचंच आहे.

वेळ कमी असेल, म्हणजे पुढच्या विमानाला तासाहून कमी उरला असेल, तर रांगेत गप्प उभं राहू नका. जांभळ्या शर्टातले किंवा जॅकेटमधले जे कर्मचारी दिसतील त्यांना बोर्डिंग पासवरची वेळ बोटाने दाखवा. जलद रांगेत घालण्याचा अधिकार त्यांना असतो. रांगेतल्या प्रवाशांनाही विनंती करून पुढे जाता येतं. लोक सहसा वाट देतात.

दुसरा बोर्डिंग पास मुंबईत मिळाला नसेल, तर तपासणीच्या आधीच कनेक्शन विभागात विमान कंपन्यांचे काउंटर असतात, तिथून घ्या.

गेट दिसत नाही, म्हणून घाबरू नका

मुंबईत बोर्डिंग पासवर गेटचा आकडा छापून येतो. हीथ्रोवर तो बहुधा नसतो. मोठ्या पडद्यावर तुमच्या विमानापुढे ‘गेट शोन ॲट’ आणि एक वेळ दिसेल, म्हणजे त्या वेळेला गेट जाहीर होईल. लांबच्या उड्डाणांचं गेट साधारण तासभर आधी कळतं. तोवर जिथून पडदा नीट दिसतो अशी जागा पकडा आणि बसा. आता फोन करा, चहा घ्या, पाय मोकळे करा. मोफत वाय-फाय आहे.

पडदा दर दहा मिनिटांनी स्वतः बघायचा. प्रत्येक विमानाची घोषणा होईल आणि नाव घेऊन बोलावतील, असं धरून बसलेले लोक तिथे अडकतात. आपल्याकडे शेवटच्या क्षणी नावाचा पुकारा होतो, तशी अपेक्षा हीथ्रोवर ठेवू नका.

गेट दिसलं की लगेच निघा. बोर्डिंग पासवर सुटण्याची वेळ असते, पण गेट त्याच्या वीस मिनिटं आधी बंद होतं. गेट लांब असेल तर पडद्यावर चालायला किती मिनिटं लागतील तेही लिहिलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवा. टर्मिनल ५ वर बी किंवा सी गेट लागलं तर पुन्हा जमिनीखालच्या गाडीने जायचं. त्या इमारतींत दुकानं आणि खाण्याची ठिकाणं कमी आहेत आणि तिथून ए मध्ये परत येणं सोपं नाही. खाणं, खरेदी आधीच उरकून घ्या.

अमेरिकेच्या विमानाच्या गेटवर पासपोर्ट आणि व्हिसा पुन्हा बघतात, दोन-तीन प्रश्नही विचारतात: बॅग कोणी भरली, कोणी काही दिलं का, कुठे राहणार. बोर्डिंग पासवर ‘एस’ हे अक्षर चार वेळा छापलेलं असेल तर अधिक तपासणी होते. यादृच्छिकपणेही ती कोणाच्याही वाट्याला येऊ शकते. शांतपणे सहकार्य करा, पंधरा मिनिटांत सुटका होते.

विमान हुकलं तर

एकाच पीएनआरवर असाल तर बहुतेक वेळा तुम्ही लंडनला उतरायच्या आधीच यंत्रणेने दुसऱ्या विमानात जागा दिलेली असते. कंपनीचं ॲप किंवा ईमेल बघा, आणि कनेक्शन विभागातल्या त्या कंपनीच्या काउंटरवर जा. तिथे तीन प्रश्न विचारा: नवं विमान कोणतं, बॅग त्याच विमानात जाईल का, आणि व्हीलचेअरची विनंती नव्या विमानावर गेली का? तिसरा प्रश्न हमखास राहून जातो.

लांब थांबावं लागलं तर खाण्यापिण्याची आणि रात्र काढावी लागली तर हॉटेलची सोय करणं ब्रिटनच्या कायद्याने, त्याच्या कक्षेत येणाऱ्या विमानांसाठी, कंपनीवर बंधनकारक आहे. मागा. पण भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी हॉटेलात जाणं म्हणजे सीमा ओलांडणं. अमेरिकेचा वैध व्हिसा आणि दुसऱ्या दिवशी रात्री बाराच्या आतलं पक्कं तिकीट असेल, तर इमिग्रेशन अधिकारी ट्रान्झिट प्रवासी म्हणून बाहेर सोडू शकतो. तो त्याचा निर्णय असतो, तुमचा हक्क नसतो. म्हणून आधी काउंटरवरून नवा बोर्डिंग पास आणि हॉटेलचा कागद हातात घ्या, मगच इमिग्रेशनच्या रांगेत जा. प्रवेश मिळाला नाही तर आत रात्र काढण्याची व्यवस्था काय, हे कंपनीच्या माणसाला विचारा. हातातल्या पिशवीतली शाल आणि औषधं इथे उपयोगी पडतात.

अमेरिकेतलं पहिलं विमानतळ

लंडनहून नेवार्क आणि तिथून पुढे, समजा, शार्लटला जायचं असेल तर अजून एक कनेक्शन बाकी आहे, आणि ते हीथ्रोपेक्षा वेगळ्या पद्धतीने चालतं. बॅगेवर शेवटच्या शहराचा टॅग असला तरी अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतराल तिथे इमिग्रेशननंतर बॅग स्वतः पट्ट्यावरून उचलायची, कस्टम्समधून न्यायची आणि बाहेर लगेच असलेल्या ‘बॅगेज रीचेक’ पट्ट्यावर पुन्हा टाकायची. मोजक्या मार्गांवर ही अट आता सैल होऊ लागली आहे. तसं असेल तर विमानात सांगतात. सांगितलं नाही तर बॅग उचला. लंडनला बॅग घ्यायची नाही आणि इथे घ्यायची, हा फरक आई-बाबांच्या कागदावर ठळक लिहा. इमिग्रेशनची रांग, बॅग आणि पुन्हा सुरक्षा तपासणी धरून इथे तीन तास हवेतच.

खाण्याच्या वस्तू आहेत का, असं विचारलं तर ‘हो’ म्हणा आणि काय आहे ते सांगा. मसाले, लाडू, चिवडा यांना सहसा हरकत नसते. ताजी फळं नकोत, आणि कढीपत्ता तर मुळीच नको: तो लिंबाच्या कुळातला आहे आणि त्याच्याबरोबर संत्र्या-लिंबांच्या बागांचा रोग येतो, म्हणून त्यावर बंदी आहे. लपवलेली वस्तू सापडली तर दंड होतो. जाहीर केलेली फार तर काढून घेतात.

हा टप्पा टाळायचा असेल तर अबू धाबीमार्गे जाण्याचा विचार करा. अमेरिकेच्या इमिग्रेशन आणि कस्टम्सची तपासणी तिथेच होते, आणि अमेरिकेत तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे उतरता. आयर्लंडच्या डब्लिनलाही ही सोय आहे.

बॅग आलीच नाही, तर विमानतळ सोडण्याआधी शेवटच्या शहरातल्या कंपनीच्या बॅगेज काउंटरवर तक्रार लिहून घ्या आणि तिचा क्रमांक घ्या. बॅग मोडून आली तर सात दिवसांच्या आत आणि उशिरा आली तर मिळाल्यापासून २१ दिवसांच्या आत लेखी दावा करता येतो. म्हणून टॅगच्या पावत्या घरी पोहोचेपर्यंत फेकू नका.

येताना

परतीचं विमान लंडनला बहुधा पहाटे किंवा सकाळी पोहोचतं आणि मुंबईचं विमान काही तासांनी असतं. पद्धत तीच: जांभळ्या पाट्या, पुन्हा तपासणी, मग गेट. अमेरिकेतून निघताना मात्र काउंटरवर विचारून घ्या की बॅग मुंबईपर्यंत टॅग झाली आहे ना. पुण्याला किंवा नागपूरला जायचं असेल, तरी भारतात ज्या शहरात पहिल्यांदा उतराल तिथे बॅग उचलून कस्टम्समधून न्यायची असते. मुंबईहून पुढचं देशांतर्गत विमान असेल तर ते कोणत्या टर्मिनलवरून आहे ते आधीच पाहा, कारण टर्मिनल १ आणि २ मधलं अंतर रस्त्याने गाठावं लागतं. नवी मुंबईच्या विमानतळाचं तिकीट असेल तर पूर्ण शहर ओलांडण्याइतका वेळ हाताशी ठेवा.